थेंबभर पाणी, पेटीभर तेल

जुन्या आऊटबोर्ड मोटरच्या गिअर पेटीतील गळती : शोध आणि दुरुस्ती

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण बँकेच्या ग्राहकांना नव्याने सांगावयास नको. आवर्ती ठेवीच्या माहितीपत्रकांशी तिचे नाते फार जुने आहे. मात्र थेंबाचे सामर्थ्य दोन्ही बाजूंनी चालते. जो थेंब संचय घडवितो, तोच नको त्या ठिकाणी शिरला तर संचित पोखरूनही टाकतो. नावेच्या पाठीमागे बसविल्या जाणाऱ्या आऊटबोर्ड मोटरच्या गिअर पेटीत शिरणारे पाणी हे याचे बोलके उदाहरण आहे. काही रुपयांचे एक वॉशर किंवा रबराचे एक कडे निकामी होते, थेंबभर पाणी आत येते आणि ऐन गरजेच्या वेळी नाव पाण्यात जागच्या जागी उभी राहते. इंजिन गर्जत असते, पण पंखा फिरत नाही.

गोमतीच्या काठावरून

लखनौमधील गोमती नगर ही जुन्या शहराच्या समोरच्या तीरावर, लखनौ विकास प्राधिकरणाने वसविलेली विस्तीर्ण वसाहत आहे. रुंद रस्ते, उद्याने, नदीकाठचा फिरण्याचा मार्ग आणि जवळच नदीवरील बंधारा असे तिचे आजचे रूप आहे. बंधाऱ्यामुळे शहरातील पात्रात पाण्याची पातळी टिकून राहते आणि संध्याकाळी काठावर येणाऱ्यांना गोमती संथ, जवळजवळ निश्चल भासते.

ही नदी हिमशिखरांतून येत नाही. पिलीभीत जिल्ह्यातील माधोटांडा येथील तलावातून तिचा उगम होतो आणि सुमारे साडेनऊशे किलोमीटरचा प्रवास करून वाराणसी जिल्ह्यात कैथीजवळ ती गंगेला मिळते. भूजल आणि पावसाचे पाणी यांवरच तिचा निर्वाह चालतो. म्हणूनच उन्हाळ्यात ती कृश होते आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात एकाएकी स्वभाव बदलते. १९६० च्या पुरात लखनौ शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. आज काठाने दिसणारे तटबंध त्या कटू अनुभवानंतरच्या शहाणपणातून उभे राहिले आहेत.

संथ नदी आणि अधूनमधून येणारा पूर, या दोन अवस्थांमध्ये नावेवरील मोटरचे आयुष्य विभागलेले असते. वर्षातील बहुतेक काळ ती गोदामात किंवा घराच्या गॅरेजमध्ये लाकडी घोडीवर टांगलेली असते. बोलावणे येते ते संकटाच्या वेळी. महाराष्ट्रालाही हा अनुभव परका नाही. २००५ आणि २०१९ साली कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात, २०२१ साली महाड-चिपळूण परिसरात पुराने वेढलेल्या माणसांना बाहेर काढले ते नावांनीच. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे बचावकार्यातील नाव उलटून अनेकांना प्राण गमवावे लागले. त्या दुर्घटनेचा संबंध यंत्रातील गळतीशी जोडणे योग्य होणार नाही. परंतु पुरात नाव आणि तिच्यावरील सामग्री यांवर माणसांचे किती अवलंबून असते, याची जाणीव तिने महाराष्ट्राला करून दिली.

म्हणूनच गिअर पेटीतील गळतीचा विषय केवळ मिस्त्रीच्या बाकापुरता राहत नाही. आणि त्यातील मुख्य गोष्ट प्रथमदर्शनी उलटी वाटावी अशी आहे : रोज चालणाऱ्या मोटरपेक्षा वर्षभर स्वस्थ बसलेल्या मोटरला ही गळती अधिक घातक ठरते.

यंत्राची ओळख

आऊटबोर्ड मोटर म्हणजे नावेच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकविण्याची, हवी तेव्हा उचलून नेता येणारी मोटर. आपत्ती व्यवस्थापनाच्या याद्यांमध्ये तिचा उल्लेख ‘ओबीएम’ असा आढळतो. अशी यंत्रे विसाव्या शतकाच्या प्रारंभीच बनू लागली होती; पण तिला घरोघरी नेण्याचे श्रेय नॉर्वेहून अमेरिकेत स्थायिक झालेल्या ओले एव्हिनरूड यांना दिले जाते. तळ्याच्या पलीकडून भावी पत्नीसाठी आईस्क्रीम आणताना वल्ही मारता मारता ते वितळले आणि त्यातून मोटरची कल्पना सुचली, अशी आख्यायिका त्यांच्याविषयी सांगितली जाते. १९०९ साली त्यांची दीड अश्वशक्तीची मोटर बाजारात आली. पुढे १९३६ साली एव्हिनरूड आणि जॉन्सन ही दोन्ही नावे एकाच कंपनीच्या छत्राखाली आली. ती कंपनी २००० सालच्या अखेरीस दिवाळखोरीत निघाली आणि नव्या मालकांनी २०२० साली एव्हिनरूड मोटरींचे उत्पादनही थांबविले. तरीही १९५०-६० च्या दशकांतील त्यांची यंत्रे जगभर आजही चालू स्थितीत आढळतात. यामाहा, सुझुकी, तोहात्सू या जपानी मोटरींनी पुढे आशियातील मच्छिमारांच्या होड्यांवर आपले बस्तान बसविले.

निर्माता कोणीही असो, रचना बरीचशी सारखीच असते. वर इंजिन, त्यातून खाली उतरणारा एक उभा दांडा, आणि पाण्याखाली माशाच्या आकाराची एक बंद पेटी. हीच गिअर पेटी. उभ्या दांड्याच्या टोकावरील लहान दातेरी चाक पेटीतील मोठ्या चाकांना फिरविते आणि आडव्या दांड्यावरील पंखा फिरू लागतो. पुढे-मागे जाणाऱ्या मोटरीत समोरासमोर दोन चाके असतात आणि त्यांच्यामधील दातेरी क्लच एका सळईने हलविला जातो. हा सारा कारभार तेलात बुडालेला असतो, आणि ती तेलाची पेटी पाण्यात बुडालेली असते. बाहेर पाणी, आत तेल आणि मध्ये केवळ काही रबरी कड्यांचा पहारा, अशी ही व्यवस्था आहे.

पाणी आत येते तरी कसे?

पेटी पाण्यात असते म्हणून पाणी आत ढकलले जाते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः हातभर खोलीवर पाण्याचा दाब अगदीच थोडा असतो. पाणी आत येण्याचे मोठे कारण म्हणजे पेटीचा ‘श्वासोच्छ्वास’. मोटर चालू असताना तेल तापते, आतील थोडी हवा प्रसरण पावते आणि सैल झालेल्या जागेतून बाहेर पडते. मोटर थांबली की थंड पाण्यात पेटी झपाट्याने निवते. हवा आकुंचन पावते, आत किंचित निर्वात निर्माण होतो आणि बाहेरचे पाणी त्याच सैल जागेतून आत ओढले जाते. प्रत्येक फेरीला थेंब-दोन थेंब, एवढीच ही देवघेव असते.

लखनौसारख्या शहरात ऋतुमान या देवघेवीला हातभारच लावते. मे-जूनमध्ये पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या मोटरीतील रबर अशा उष्णतेत सुकते, कडक होते आणि आपली पकड गमावते. उन्हात तापलेली मोटर एकदम नदीत उतरविली, तर पहिल्याच डुबकीत ती पाणी ओढून घेते.

आत आलेले पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसते. मोटर रोज चालत असेल तर ते तेलात घुसळले जाते. दुधी रंगाचे असे मिश्रण दातांवर शुद्ध तेलासारखा भक्कम थर धरू शकत नाही, तरी निदान सर्व भागांवर काही ना काही तेल फिरत राहते. मोटर स्वस्थ उभी राहिली की पाणी पुन्हा वेगळे होऊन खालच्या बेअरिंगच्या पोलादी गोळ्यांपाशी साचते. तेथे गंज धरतो. गंजाचे बारीक खड्डे पडतात. दहा महिन्यांनी मोटर जोरात चालविली की त्या खड्ड्यांपासून धातूचे कण सुटू लागतात आणि बेअरिंग, मग दातेरी चाके, अशी नासाडीची साखळी सुरू होते. बर्फ पडणाऱ्या प्रदेशांत तर साचलेले पाणी गोठून पेटीलाच तडा जातो. संकटकाळासाठी जपून ठेवलेली मोटर संकटकाळीच दगा देते, त्यामागे अनेकदा हे न दिसणारे कारण असते.

तेलाची साक्ष

दुरुस्तीचा आरंभ पाना-पक्कड घेऊन खोलाखोली करण्याने होत नाही. तो पेटीतील तेल पाहण्याने होतो. मोटर किमान एक रात्र सरळ उभी ठेवावी, म्हणजे पाणी तळाशी बसते. त्यानंतर खाली भांडे धरून पेटीच्या तळाजवळचा स्क्रू थोडासा सैल करावा. पाणी असेल तर प्रथम तेच बाहेर येते. नंतर वरचा, हवेसाठी असलेला स्क्रू काढला की तेल मोकळेपणाने वाहू लागते.

येथे जुन्या मोटरींच्या बाबतीत एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. जुन्या जॉन्सन आणि एव्हिनरूडच्या अनेक मोटरींवर तेलाच्या स्क्रूच्या आसपासच फुलीच्या खाचेचा आणखी एक स्क्रू असतो. तो आतील गिअर बदलण्याच्या तरफेला धरून ठेवतो. तेलाचा स्क्रू समजून तो काढला तर आतील भाग जागा सोडतात आणि संपूर्ण पेटी उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. तेलाच्या स्क्रूला बहुधा रुंद, सरळ खाच असते. खाचेत घट्ट बसणारा मोठा पेचकसच वापरावा. अपुऱ्या पात्याने खाच मोडली की साधे काम अवघड होऊन बसते.

बाहेर आलेले तेल पारदर्शक, मधासारखे किंवा काळसर असेल तर ते केवळ जुने झाले आहे. दुधाळ, चहाच्या रंगाचे असेल तर पाणी शिरले आहे. बोटांमध्ये चोळून पाहिल्यावर राखेसारखी बारीक पूड लागली तर ती दीर्घ वापराची झीज समजावी. नखाएवढे चमकदार तुकडे दिसले तर दात किंवा बेअरिंग तुटू लागल्याची ती खूण आहे. अशा वेळी केवळ सील बदलून भागणार नाही, हे मालकाने आधीच मनाशी पक्के करावे.

हवेने घेतलेली परीक्षा

पाणी शिरले आहे हे समजले, तरी ते कोठून शिरले हे तेल सांगत नाही. येथेच बहुतेक दुरुस्त्या चुकतात. पंख्यामागचे सील हे सर्वांत परिचित ठिकाण असल्यामुळे ते बदलले जाते, नवे तेल भरले जाते आणि महिनाभराने तेल पुन्हा दुधाळ होते. खर्च झाला, गळती तशीच राहिली.

यावर उपाय सोपा आणि स्वस्त आहे. रिकाम्या पेटीच्या तेलाच्या छिद्रात योग्य आट्यांची नळी बसवावी, तिला दाब दाखविणारा काटा आणि सायकलचा हातपंप जोडावा, दुसरे छिद्र नव्या वॉशरसह बंद करावे आणि हळूहळू हवा भरावी. प्रथम दर चौरस इंचाला तीन ते पाच पौंड एवढाच दाब ठेवून काट्याकडे लक्ष द्यावे. मग तो दहा ते पंधरा पौंडांपर्यंत न्यावा. त्यापुढे निर्मात्याच्या पुस्तिकेतील आकडा हीच मर्यादा मानावी. कमी दाबाची पायरी वगळू नये. रबरी सीलचा पातळ ओठ जास्त दाबाखाली दांड्यावर घट्ट चिकटतो आणि स्वतःचा दोष लपवितो. कमी दाबात तो दोष उघडा पडतो.

काटा खाली सरकू लागला की पेटी पाण्याच्या टाकीत बुडवावी किंवा सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे येतील ते गळतीचे ठिकाण. या वेळी दोन्ही दांडे हाताने सावकाश फिरवावेत आणि गिअरची सळई पुढे-मागे करावी, कारण काही सील दांडा एका विशिष्ट स्थितीत असतानाच गळतात. शक्य असल्यास हीच परीक्षा हवा काढून, म्हणजे निर्वात निर्माण करूनही घ्यावी. पाणी आत ओढले जाते ते निर्वातामुळे, हे लक्षात घेता ही दुसरी परीक्षा अधिक वास्तव म्हणावी लागेल.

गळतीची सहा ठिकाणे

बुडबुडे बहुधा पुढील सहा ठिकाणांपैकी एखाद्या ठिकाणी दिसतात.

पहिले, तेलाचे स्क्रू. त्यांच्याखालील वॉशर एकदा दाबले गेले की पुन्हा तितके घट्ट बसत नाही. दर खेपेस नवे वॉशर वापरणे ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती होय. कित्येकदा एवढ्यावरच काम भागते.

दुसरे, पंख्याच्या दांड्यावरील सील. मासेमारीच्या जाळ्याचा धागा किंवा गळाची दोरी पंख्यामागे गुंडाळली जाते आणि सीलचा ओठ कापते. गोमतीसारख्या नदीत जलपर्णीची मुळे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या पंख्याभोवती गुंततात. पंखा वरचेवर काढून दांडा साफ करण्याची सवय म्हणूनच मोलाची.

तिसरे, उभ्या दांड्यावरील सील. ते इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाखाली दडलेले असते आणि सहज नजरेस पडत नाही. पंपाचे रबरी चक्र बदलताना हेही बदलून घेणे शहाणपणाचे.

चौथे, गिअर बदलण्याच्या सळईभोवतीचे लहान ओ-रिंग किंवा बूश. आकाराने सर्वांत क्षुल्लक आणि सर्वाधिक विसरले जाणारे हे ठिकाण आहे.

पाचवे, बेअरिंगच्या घराभोवतीचे मोठे ओ-रिंग आणि तरफेच्या त्या फुलीच्या स्क्रूखालील सील.

सहावे, पेटीचा सांधा. जुन्या लहान मोटरींत पेटी आडवी दोन भागांत विभागलेली असते आणि दोन्ही भागांच्या मधल्या खाचेत शेवयीसारखी गोल रबरी दोरी बसविलेली असते. साठ-सत्तर वर्षांत ती दगडासारखी कडक होते.

पेटी उघडल्यावर

जुन्या मोटरीत खरी कसोटी लागते ती बोल्ट काढताना. ॲल्युमिनियमच्या पेटीत पोलादी बोल्ट वर्षानुवर्षे बसले की दोन धातूंमध्ये क्षरण होऊन ते जणू एकजीव होतात. तेथे बळाचा वापर केला तर बोल्टचे डोके तुटून हातात येते. गंज सोडविणारे तेल रात्रभर मुरू द्यावे, भोवतालचा भाग सावधपणे तापवावा, बोल्ट थोडा सोडून पुन्हा थोडा आवळावा, पुन्हा सोडावा. या कामात घाई फार महाग पडते.

जुने सील काढल्यावर दांडा कापडाने पुसून ज्या ठिकाणी सील बसत होते तेथे नख फिरवावे. नख अडकले तर रबराने पोलादात खाच पाडली आहे, असे समजावे. मऊ रबराने कठीण पोलाद झिजावे याचे आश्चर्य वाटते. पण ओठाखाली अडकलेले वाळूचे कण वर्षानुवर्षे घासणीचे काम करीत असतात. अशा खाचेवर कितीही उत्तम नवे सील बसविले तरी ते गळणारच. खाच उथळ असेल तर बारीक पॉलिश पेपरने दांडा गुळगुळीत करून नवे सील किंचित पुढे-मागे बसविता येते. खोल असेल तर दांड्यावर स्टेनलेस पोलादाचे अतिशय पातळ आवरण चढवितात किंवा दांडाच बदलतात.

नव्या सीलसाठी निर्मात्याच्याच भागाचा आग्रह जुन्या मोटरींच्या बाबतीत नेहमी पुरा होत नाही. परंतु सील हे मापावर चालते : दांड्याचा व्यास, घराचा व्यास आणि जाडी. ही तीन मापे व्हर्नियरने नीट घेतली, तर मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या बाजारातील बेअरिंग आणि ऑईल सीलच्या दुकानांत जुळणारा नग मिळण्याची शक्यता पुष्कळ असते. अमेरिकन मोटरींची मापे इंचांत असतात, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. सीलच्या आतील बारीक स्प्रिंग स्टेनलेसची असावी; साधी पोलादी स्प्रिंग पाण्यात गंजून तुटते.

पुन्हा जोडणी

सील बसविताना दिशा चुकली तर सारे श्रम वाया जातात. ज्या बाजूला स्प्रिंग दिसते ती बाजू ज्या द्रवाला अडवायचे त्याच्याकडे असावी, हा नियम. जेथे दोन सील पाठीला पाठ लावून असतात, तेथे एक तेलाला आत अडविते आणि दुसरे पाण्याला बाहेर. घर स्वच्छ पुसून सील सरळ आणि सर्व बाजूंनी सारख्या दाबाने बसवावे. हातोडीचे थेट घाव घालू नयेत. कोरड्या ओठाने सील चढवू नये, त्याला तेल किंवा ग्रीस लावावे. दांड्यावर धारदार खाचा असतील तर त्यांवर पातळ चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे नवे रबर बसवितानाच कापले जाणार नाही. गोल दोरीची टोके खाचेत बसविताना किंचित जास्त लांब ठेवावीत. झाकण आवळल्यावर ती दाबली जाऊन सांधा भरून काढतात. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावणे हे पुढच्या दुरुस्तीसाठी आजच करून ठेवलेले उपकार होत.

तेल भरण्यापूर्वी हवेची परीक्षा पुन्हा घ्यावी. काटा स्थिर राहिला तरच पुढे जावे. तेल खालच्या छिद्रातून वर भरावे, म्हणजे आतील हवा वरच्या छिद्राने निघून जाते. वरून तेल डोकावले की प्रथम वरचा स्क्रू लावावा आणि मगच खालची नळी काढून चटकन खालचा स्क्रू बसवावा. निर्मात्याने सांगितलेले, पाण्यात चालणाऱ्या गिअर पेटीसाठीचे तेलच वापरावे.

चाचणी पाण्याने भरलेल्या पिंपात किंवा नदीत घ्यावी, कोरडी कधीही घेऊ नये. पाण्यावाचून पंपाचे रबरी चक्र क्षणार्धात जळते. पहिल्या काही तासांच्या वापरानंतर एक रात्र थांबून खालचा स्क्रू किंचित सैल करावा आणि येणारे दोन थेंब पांढऱ्या कागदावर घ्यावेत. ते स्वच्छ असतील तर दुरुस्ती पूर्ण झाली.

सीगलची गोष्ट

गळती अजिबात नसावी, असा सर्वच निर्मात्यांचा आग्रह होता असे नाही. ‘ब्रिटिश सीगल’ ही इंग्लंडमधील साधी आणि काटक मोटर याचे उत्तम उदाहरण. तिच्या अनेक नमुन्यांत पंख्याच्या दांड्यावर आजच्यासारखे रबरी सील नसे. लांब धातूच्या बेअरिंगमधून थोडे तेल बाहेर जाई, थोडे पाणी आत येई, आणि पेटीत अतिशय दाट तेल असल्यामुळे पाणी मिसळूनही यंत्राचे काम चाले. अट एकच होती : मालकाने ते तेल वरचेवर पाहावे आणि बदलावे. ज्याने ही अट पाळली त्याची सीगल दशकानुदशके चालली. सीलवर विसंबून राहणाऱ्या आधुनिक यंत्राची अडचण नेमकी येथे आहे. सील चांगले आहे या भरवशावर तेलाकडे पाहण्याची सवयच सुटते.

मात्र तेल बाहेर जाणे ही बाब आज पूर्वीइतकी सहजपणे घेता येणार नाही. लखनौच्या पाणीपुरवठ्यासाठी गऊघाटापाशी गोमतीचेच पाणी उचलले जाते. पाणी आत येणाऱ्या वाटेनेच तेल बाहेर जाते, हे नदीकाठच्या प्रत्येक शहराने ध्यानात ठेवावयास हवे. काढलेले दुधाळ तेल नदीत किंवा गटारात ओतणे तर सर्वथा वर्ज्य. २०१६ च्या धोकादायक कचरा नियमांनुसार वापरलेले तेल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच गेले पाहिजे. ते बंद डब्यात साठवून द्यावे.

हिशेबाची बाजू

या विषयाला अर्थकारणाची एक बाजू आहे आणि ती बँकेच्या वाचकांना रुचेल. वॉशर, ओ-रिंग, सीलची जोडी आणि तेल यांचा खर्च एका बाजूला ठेवावा आणि दातेरी चाकांचा संच, बेअरिंग, दांडा व बुडालेला रोजगार दुसऱ्या बाजूला. दुसरे पारडे कितीतरी पटींनी जड असते. जुन्या मोटरीच्या बाबतीत तर पैसा असूनही चाके मिळत नाहीत, हा वेगळाच पेच.

कोकण किनाऱ्यावर पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, मोटरी उतरविल्या जातात आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा दर्याची ओढ लागते. ही सक्तीची विश्रांती म्हणजे तेल तपासण्याची नैसर्गिक संधी आहे. मोटर उतरविली त्याच दिवशी तेल बदलावे; हंगामाच्या तोंडावर नव्हे. पाणी शिरले असेल तर ते बंदीचे दोन महिने बेअरिंगपाशी बसून राहू नये, हा त्यामागील हेतू. २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्डाची सुविधा मत्स्यव्यवसायालाही लागू झाली आहे. इंधन, बर्फ, मजुरी यांसारख्या खेळत्या भांडवलाच्या गरजा तीतून भागविता येत असल्याने, होडीमालकाला हाताशी असलेली रोकड वेळच्या वेळी देखभालीकडे वळविणे सोपे होते.

बचावकार्याच्या मोटरींसाठी वेळापत्रक उलटे असते. त्यांची विश्रांती हिवाळा-उन्हाळ्यात आणि परीक्षा पावसाळ्यात. ज्या ग्रामपंचायती, संस्था आणि पथके अशा नावा बाळगतात, त्यांनी पूर ओसरल्यावर लगेच एकदा तेल बदलावे आणि मे महिन्यात, पहिल्या पावसाआधी, हवेची परीक्षा घेऊन मोटर पाण्यात चालवून पाहावी. मोटरीजवळ एक साधी वही टांगलेली असावी. तीत तारीख, तेलाचा रंग, काट्याने दाखविलेला दाब, बदललेले भाग आणि काम करणाऱ्याची सही असावी. बँकेच्या खातेपुस्तकाप्रमाणे ही वहीही दर नोंदीला मागील शिल्लक सांगत जाते. गेल्या वर्षी तेल स्वच्छ होते आणि यंदा किंचित दुधाळ आहे, एवढी एक नोंद मोटर निकामी होण्याच्या कितीतरी आधी इशारा देऊन जाते.

गोमती नगरच्या काठावरून दिसणारी नदी वर्षातील बहुतेक दिवस शांत असते. त्याच शांत दिवसांत गॅरेजमध्ये टांगलेल्या मोटरीच्या तळाचा स्क्रू अर्धा फेरा सैल करून दोन थेंब कागदावर घेण्यास पाच मिनिटे पुरतात. पाणी वाढल्यावर तेवढी उसंत कोणालाच मिळत नाही. त्या वेळी पलीकडच्या छतावर कोणी तरी नावेची वाट पाहत असते आणि त्याची सारी भिस्त, ज्याचे नावही त्याला ठाऊक नाही अशा एका रबरी कड्यावर असते.